श्रुतलेखनातल्या गाळलेल्या जागा

बडोद्यातल्या एका गुजराती माध्यमाच्या खाजगी शाळेत मी विशेष शिक्षिका म्हणून सोमवारी आणि गुरुवारी जाते. त्या शाळेतल्या तिसरीच्या एका मुलीची ही हकिगत. ओळख पटेल अशा खुणा काढल्या आहेत आणि लिहिलेलं तिच्या आईवडिलांना वाचून दाखवलं आहे. तिला इथे छकुली म्हणू. हकिगत सुरू होते तेव्हा ती आठ वर्षं दोन महिन्यांची होती.

एक गोष्ट आधीच कबूल करते. या प्रकरणात ज्यांचं ज्यांचं चुकलं त्यांत मीही आहे. बाकीच्यांच्या चुका तोंडी होत्या, माझ्या चुकीवर सही होती, म्हणून ती जास्त महाग पडली.

डायरीतले शेरे

घर दांडिया बाजारच्या मागच्या अंगाला, जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या. वडील मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) फिटर, आई घरी ब्लाउज शिवते. आजोबा रेल्वेतून निवृत्त, आणि आजी. बडोद्यातल्या आम्हा मराठी लोकांच्या घरांसारखंच घर: स्वयंपाकघरात मराठी, जिना उतरला की गुजराती, भांडताना दोन्ही. छकुलीला दोन्ही भाषा सारख्याच सहज येत होत्या. पहिलीत तिच्याबद्दल एकही तक्रार नव्हती.

ऑगस्टमध्ये वर्गशिक्षिकेने तिला माझ्याकडे पाठवलं, सोबत शाळेची डायरी. डायरीत लाल शाईने ओळीने शेरे. ‘वर्गमां ध्यान आपती नथी.’ ‘बोलाव्या पछी पण जवाब आपती नथी.’ ‘लेखन अधूरुं.’ खाली आईच्या सह्या, दर सहीगणिक जरा जास्त वाकड्या.

मागची डायरीही मी मागवून घेतली होती. त्यात पहिला शेरा दुसरीच्या दिवाळीच्या सुट्टीनंतरचा, त्याआधी काही नाही. हे मी पाहिलं, तारीख टिपूनही घेतली आणि तिचा अर्थ न लावता पुढे गेले. वाचनातली किंवा लेखनातली अक्षमता दिवाळीच्या सुट्टीत येत नसते. ती असली तर मूल अक्षरं गिरवायला लागतं तेव्हापासून दिसते. एवढी साधी गोष्ट मी दहा वेळा शिक्षकांना शिकवली आहे.

ज्याचं त्याचं निदान

वर्गशिक्षिकेला वाटत होतं, भाषेचा घोळ आहे. घरी मराठी, शाळेत गुजराती, मुलगी गोंधळते. असं म्हणणं सोपं असतं, कारण बडोद्यात मराठी मुलाला काहीही झालं तरी ते लागू पडतं.

वडिलांना वाटत होतं, मोबाइल. त्यांनी मोबाइल कपाटात ठेवला. फरक पडला नाही, पण मोबाइल कपाटातच राहिला.

आजोबांचं निदान जास्त अभ्यासपूर्ण होतं. ते रोज संध्याकाळी दिवा लागल्यावर तिच्याकडून पाढे म्हणून घेत, मराठीतून. शाळेत तेच पाढे ‘घडिया’ म्हणून गुजरातीतून. छकुली ‘सात त्रिक एकवीस’पर्यंत घडघडा यायची, मग एकदम थांबायची, आणि थोड्या वेळाने ‘सात चोक अठ्ठावीस’ असं काहीच न झाल्यासारखं पुढे. आजोबांच्या मते ती मनातल्या मनात गुजराती घडियाचं मराठी करत होती आणि त्यात वेळ जात होता. मी त्यांना विचारलं, नेहमी सातच्याच पाढ्यात होतं का? ते म्हणाले, “नाही हो, कधी बेच्या पाढ्यातही.” बेच्या पाढ्यात भाषांतराला कसला वेळ लागायचा! पण ते तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

सप्टेंबरात गणपती आले. गल्लीच्या मंडळाने मांडवातच मोफत आरोग्य तपासणी ठेवली. फलकावर मध्यभागी गणपती, दोन्ही बाजूंना वॉर्डातले पुढारी, आणि पुढाऱ्यांचे चेहरे गणपतीपेक्षा मोठे. निवडणूक जवळ आली की आमच्या गल्लीत देवाचा आकार असा लहान होत जातो. डोळे तपासायचा तक्ता ढोलताशांच्या शेजारी टांगला होता. छकुलीने चौथ्या ओळीतली अक्षरं वाचताना मध्येच थांबून उत्तर दिलं नाही, म्हणून तिला चष्मा मिळाला. अगदी बारीक नंबरचा, निळ्या काड्यांचा. तिला तो फार आवडला. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नजर उत्तम आहे, चष्म्याची गरज नाही. तरी ती तो रविवारी घालते.

आता माझी पाळी. मी तिचं वाचन घेतलं, लेखन घेतलं, गणित घेतलं. वाचताना ओळ सुटत होती. श्रुतलेखनात शब्द गळत होते. तोंडी गोष्ट सांगताना मात्र मुलगी हुशार, शब्दसंपत्ती वयापेक्षा जास्त. बुद्धी चांगली आणि लेखन कच्चं, म्हणजे पाठ्यपुस्तकातली खूणच. फाइलवर मी लिहिलं, ‘विशिष्ट अध्ययन अक्षमतेची शक्यता, पुढील चाचणी आवश्यक’, आणि सही केली. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वाचन-लेखनाच्या या अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळू शकत होतं. छकुली त्या अटीत बसत होती. त्याच सूचनांत निदानाची पहिली पायरी बालरोगतज्ज्ञाच्या तपासणीची होती, डोळे आणि कान धरून. आमच्याकडे ती पायरी वजन, उंची आणि ‘सर्वसाधारण’ असा शेरा इतक्यात आटोपली.

त्यानंतर माझ्या फाइलने काम केलं. वर्गशिक्षिकेने तिला श्रुतलेखनातून सूट दिली. सोबतच्या मुलींना कळलं की ही ‘वेगळ्या बेन’कडे जाते. घरी आईला वाटायला लागलं की आपण पोटुशी असताना काही चुकलं. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. दोन महिने आम्ही सगळे एका नसलेल्या गोष्टीवर उपाय करत होतो, आणि खरी गोष्ट वर्गात रोज आमच्या डोळ्यांसमोर घडत होती.

आजीला कोणी विचारलं नव्हतं

आमच्या माहितीपत्रकात ‘माहिती देणार’ या मथळ्यापुढे दोनच चौकोन आहेत: आई, वडील. डिसेंबरात पालकसभेला आई आजारी म्हणून आजी आली. मी सवयीने विचारलं, “घरी कशी वागते?” आजी म्हणाली, “वागते चांगली. फक्त घास तोंडात असताना चावायचं थांबते. डोळे वर जातात. मी म्हणते, अगं चाव की! मग चावते.”

मी पेन खाली ठेवलं.

आजीच्या मते हे नजरेमुळे होतं. तिने मीठमोहऱ्या ओवाळून पाहिल्या होत्या, आणि पावागडच्या महाकालीला नवस बोलली होती. घरात तिचं हे सगळं हसण्यावारी नेलं जात होतं, आणि त्याबरोबर तिचं निरीक्षणही गेलं होतं. नजरेची गोष्ट बाजूला ठेवली तर त्या घरात सगळ्यात अचूक पाहणारी तीच होती. कंटाळलेलं मूल फळ्याकडे दुर्लक्ष करेल, पुस्तकाकडे करेल, तोंडातल्या श्रीखंडाच्या घासाकडे कशाला करेल?

त्या संध्याकाळी मी श्रुतलेखनाची जुनी वही पुन्हा काढली. या वेळी चुका मोजल्या नाहीत, नुसती पाहत बसले. बाईंनी सांगितलेलं वाक्य होतं, ‘राजा घोडा पर बेसीने जंगलमां शिकार करवा गयो.’ छकुलीच्या वहीत ‘राजा घोडा पर बे’, आणि त्यापुढे एकदम ‘करवा गयो’. जे लिहिलं ते शुद्ध. काना-मात्रा जागच्या जागी, जोडाक्षरं बरोबर. ‘बे’च्या पुढे पेन्सिलीची एक बारीक रेघ, खाली उतरत गेलेली, जणू हातातली पेन्सिल कोणी हळूच सैल सोडली. मी पानं उलटली. गाळलेल्या जागा होत्या तिथे बहुतेक ठिकाणी ही शेपटी होती. कुठे शब्दाच्या शेवटी, कुठे अक्षर अर्धं असतानाच.

वाचन-लेखनाची अक्षमता असलेलं मूल शब्द चुकवतं, उलटवतं, ‘क’चा ‘फ’ करतं, जोडाक्षर मोडतं. चुका सगळीकडे पसरलेल्या असतात. इथे चुका नव्हत्याच, भोकं होती. प्रत्येक भोक दोन-तीन शब्दांचं, म्हणजे आठ-दहा सेकंदांचं. पाढ्यात कोणी पुढे सांगत नसल्यामुळे ती थांबली होती तिथूनच पुढे जायची. श्रुतलेखनात बाई थांबत नसत, म्हणून ती बाईंच्या आत्ताच्या शब्दावर येऊन मिळायची. खोळंबा तोच, फक्त दोन ठिकाणी दोन रूपांत दिसत होता.

गुरुवारी मी वर्गात शेवटच्या बाकावर घड्याळ घेऊन बसले. पस्तीस मिनिटांचा तास, विषय पर्यावरण. मी वहीत काड्या मारत गेले: नऊ. प्रत्येक वेळी सहा ते बारा सेकंद. बोलणं किंवा लिहिणं अर्ध्यात तुटायचं, नजर स्थिर, पापण्या बारीक फडफडायच्या, मग एकदम परत. ना गळून जाणं, ना गोंधळ, ना रडणं. सातव्या खेपेला मी जवळ जाऊन खांद्याला हात लावला, नाव घेतलं. काही नाही. आपल्या तंद्रीत असलेलं मूल हात लावल्यावर दचकतं, निदान वळतं. ही वळली नाही, आणि आठ सेकंदांनी माझ्याकडे पाहून विचारलं, “बेन, तुम्ही कधी आलात?”

मधल्या सुट्टीत मी तिच्या मैत्रिणींना विचारलं. त्यांना माहीत होतं! त्यांनी नावही ठेवलं होतं, ‘स्टॅच्यू’. पकडापकडीत छकुली मध्येच स्टॅच्यू होते, मग तिला आउट धरायचं नाही असा त्यांचा नियम होता. सर्वसमावेशक शिक्षणावरचा माझा प्रबंध सध्या चालू आहे. त्यातल्या कुठल्याही प्रकरणापेक्षा तो नियम सरस आहे.

भिरभिरं

याला इंग्रजीतून ‘अ‍ॅब्सेन्स सीझर’ म्हणतात. ‘अ‍ॅब्सेन्स’ म्हणजे गैरहजेरी, आणि हजेरीपटावर ही गैरहजेरी लागत नाही. मराठीत आपण अपस्मार, फेफरं, आकडी, फिट म्हणतो. गुजरातीत खेंच किंवा वाई. या सगळ्या शब्दांनी डोळ्यांसमोर येतं ते जमिनीवर पडून झटके देणारं, तोंडाला फेस आलेलं माणूस. म्हणून आईला “कधी फिट आली होती का?” असं विचारलं तर ती खरेपणाने “नाही” म्हणते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात शाळेतल्या मुलांसाठी ज्या तीस तक्रारी तपासायच्या आहेत त्यांत आकडीचे विकार आहेत. यादी बरोबर आहे. विचारताना वापरायचा शब्द मात्र त्या यादीत नाही.

लहान मुलांमधला हा प्रकार साधारण चार ते दहा या वयात सुरू होतो. दिवसातून दहा-वीस वेळा, कधी शंभरावर. मूल पडत नाही म्हणून कोणी दवाखान्यात नेत नाही, नेतात ते शिकवणीला.

मी आईवडिलांना एका बालमेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवलं आणि त्यांच्या परवानगीने सोबत गेले. डॉक्टर बाईंनी खणातून कागदाचं एक भिरभिरं काढून छकुलीच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “हे थांबू द्यायचं नाही. मी सांगेपर्यंत फुंकत राहा.” खोल, जोरात श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ज्यांना हा त्रास आहे त्या मुलांत झटका बहुतेक वेळा तिथल्या तिथे दिसतो. तीन मिनिटं फुंकायला लावतात.

छकुलीने फुंकायला सुरुवात केली. भिरभिरं लाल-पिवळं गरगरायला लागलं. वडील गालात हसत होते. मिनिट झालं. सव्वा मिनिटाच्या आसपास भिरभिरं मंदावलं, पातं पातं वेगळं दिसायला लागलं आणि थांबलं. ती ते तोंडासमोर तसंच धरून होती, डोळे वर, पापण्या फडफडत. डॉक्टर बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “केळं.” आम्ही कोणी बोललो नाही. मग छकुलीने एकदम परत फुंकलं आणि भिरभिरं फिरलं. बाईंनी विचारलं, “मी आत्ता कुठलं फळ म्हटलं?” छकुली आईकडे पाहायला लागली. “तुम्ही काही नाही बोललात.”

वडिलांच्या चेहऱ्यावरचं हसू तोवर गेलं होतं. वर्षभर त्यांनी तिला याच गोष्टीसाठी रागावलं होतं, दोनदा हातही उचलला होता. ते तिथे काही म्हणाले नाहीत. खाली आल्यावर रस्त्यावरच्या गाडीवरून तिला शेवउसळ घेऊन दिली, आणि मग स्वतःची प्लेट तशीच ठेवून स्कूटरपाशी जाऊन उभे राहिले.

ईईजीला, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख काढायला गेलो, तर पहिल्या दिवशी परत यावं लागलं. केस धुऊन कोरडे ठेवायचे, तेल लावायचं नाही, असं कागदावर लिहिलं होतं. आजीने दवाखान्यात जायचं म्हणून आदल्या रात्री चांगलं चपचपीत तेल घालून वेण्या घातल्या होत्या. दुसऱ्या खेपेला आलेख आला. सेकंदाला तीन या गतीने उठणाऱ्या टोकदार लाटा, एकाच वेळी मेंदूच्या दोन्ही बाजूंना. अशा नमुन्याला सहसा एमआरआयही लागत नाही.

औषध निवडताना

इथे एक जुना अभ्यास उपयोगी पडला. तो अमेरिकेतला आहे, २०१० साली प्रसिद्ध झालेला. याच विकाराच्या ४५३ मुलांना तीन औषधांपैकी एक देऊन पाहिलं. सोळा ते वीस आठवड्यांनी इथोसक्सिमाइड घेणाऱ्यांपैकी ५३ टक्के आणि व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांपैकी ५८ टक्के मुलांचं ठीक चाललं होतं. लॅमोट्रिजिनचं प्रमाण २९ टक्के होतं. पहिली दोन औषधं झटक्यांच्या बाबतीत जवळजवळ सारखीच. पण संशोधकांनी आणखी एक गोष्ट मोजली होती, अवधान. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलांपैकी ४९ टक्क्यांना अवधानाची अडचण आढळली, इथोसक्सिमाइडमध्ये ३३ टक्क्यांना. झटके थांबले की दवाखान्याच्या दृष्टीने मूल बरं. तेच मूल वर्गात ऐकून घेऊ शकतं का, हे विचारणारं संशोधन मला विशेष वाटतं, कारण छकुलीच्या डायरीतला पहिला शेराच ध्यानाचा होता.

डॉक्टरांनी इथोसक्सिमाइड निवडलं. दुसरं कारण ती मुलगी आहे हे. व्हॅल्प्रोएट गरोदरपणात चालू राहिलं तर बाळात व्यंगाचा आणि पुढे शिकण्याच्या अडचणींचा धोका बराच वाढतो. आठ वर्षांच्या मुलीला ते औषध द्यायचंच नाही असं नाही, पण दुसरं चांगलं असेल तर आधी ते पाहावं. वाड्यातल्या एका शेजाऱ्यांना फिटसाठी कार्बामाझेपिन चालू होतं. “त्याच गोळ्या विचारून घ्या की” असा सल्लाही आला होता. या प्रकारच्या झटक्यांत ते औषध दिलं तर झटके वाढू शकतात, हे डॉक्टरांनी आईला दोनदा सांगितलं.

औषध जवळच्या दुकानांत नव्हतं, मागवावं लागलं, चार दिवस गेले. सुरुवातीला पोट दुखलं, उचक्या लागल्या. सकाळ-संध्याकाळ घ्यायचं असल्यामुळे शाळेत बाटली न्यायचा प्रश्न आला नाही.

आईने मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, “पुढे लग्नाचं?” मूल आठ वर्षांचं! पण या प्रश्नाला हसू नये. हिंदू विवाह कायद्यातच १९९९ पर्यंत अपस्मार हा शब्द लग्नाच्या आड येणाऱ्या अटींत होता. त्या वर्षी तो काढला. कायद्यातून शब्द गेला म्हणून तो वाड्यातल्या बायकांच्या बोलण्यातून जात नाही. मी एवढंच सांगितलं की पुष्कळ मुलांत हा त्रास वयात येईपर्यंत थांबतो, सगळ्यांत नाही, आणि उपचारात खंड पाडू नका.

पावागड

खरी अडचण आता आली, आणि ती शाळेकडून.

जानेवारीत पावागडची सहल ठरली होती. २०२२ च्या जूनमध्ये पंतप्रधानांनी महाकालीच्या नव्या शिखरावर ध्वज चढवला, तेव्हापासून आमच्याकडे सहलीचं ठिकाण ठरवायला सभा लागत नाही. वडिलांनी प्रामाणिकपणे डॉक्टरांचा कागद शाळेत दिला होता. आचार्यांनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, तो वाचला आणि छकुलीचं नाव यादीतून काढलं. वर निरोप, ‘पालक स्वतः सोबत आले आणि सर्व जबाबदारी लिहून दिली तरच.’ वडिलांनी सुट्टी टाकली तर एका दिवसाचा पगार जाणार. त्याच आठवड्यात दुसरा निरोप आला, की पुढच्या वर्षी ‘अशा मुलांसाठीच्या’ शाळेचा विचार करावा.

मी आचार्यांकडे गेले. त्या वाईट बाई नाहीत, घाबरल्या होत्या. रोपवे, पायऱ्या, कडे, आणि काही झालं तर उद्या वर्तमानपत्रात शाळेचं नाव. त्यांनी मला विचारलं, “हिचं दिव्यांग प्रमाणपत्र आहे का? असेल तर आपण नियमाने सगळं करू.”

ग्यानबाची मेख इथेच होती. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये एकवीस प्रकार आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आहे, अपस्मार नावाने नाही. म्हणजे माझं चुकीचं निदान टिकलं असतं तर छकुलीला प्रमाणपत्र, सवलत, परीक्षेत जादा वेळ, सगळं मिळू शकलं असतं. खरं निदान झाल्यावर तिच्या हातात काहीच उरलं नाही. शाळेच्या वार्षिक माहितीपत्रकात दिव्यांग मुलांची प्रकारवार संख्या भरायची असते. छकुलीसाठी त्यात रकाना नाही. माझ्या प्रबंधाची आकडेवारी त्याच रकान्यांवर उभी होती. ती गेले काही महिने मी पुन्हा उचकटते आहे.

मी त्यांना म्हटलं, प्रमाणपत्र बाजूला ठेवू. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे आठवी होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, मानसिक त्रास देता येत नाही. त्यासाठी कुठल्या यादीत बसावं लागत नाही. ज्या गावाच्या महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, १९०६ मध्ये तो राज्यभर लागू केला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड लावला, त्या गावात आपण शिकायला तयार असलेल्या मुलीला दुसरी शाळा शोधायला सांगायची? हे शेवटचं वाक्य मी जरा चढ्या आवाजात म्हटलं. नसतं म्हटलं तर बरं झालं असतं, कारण त्यावर त्या गप्प झाल्या आणि यादी काही बदलली नाही.

यादी बदलली डॉक्टरांच्या अर्ध्या पानाच्या चिठ्ठीने. सहलीला जायला हरकत नाही. कड्याजवळ आणि रोपवेत मोठ्या माणसाने हात धरावा. पाण्यात एकटं सोडू नये. खाली, मोठी फिट आलीच तर काय करायचं तेही: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ पाहा, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. आचार्यांना कायदा नको होता, नेमकं काय करायचं ते हवं होतं. ती चिठ्ठी त्यांनी लॅमिनेट करून स्टाफरूममध्ये लावली.

छकुली गडावर गेली, वर्गशिक्षिकेचा हात धरून. आजीने सोबत नारळ दिला होता. नवस फिटला, शाळेच्या बसने.

वर्गात

वर्गात जे बदललं ते थोडं आहे, खर्चाचं नाही. छकुली दुसऱ्या बाकावर भिंतीकडे बसते. पहिला बाक नको, तो आमच्या शाळेत शिक्षेचा समजतात. श्रुतलेखनाची सूट मी काढून घेतली. बाई आता प्रत्येक वाक्य दोनदा सांगतात, सगळ्यांसाठी, आणि त्यांचंच म्हणणं की मागच्या बाकांवरच्या चौघांचं लेखन सुधारलं. शेजारची मुलगी पुस्तकातल्या चालू ओळीवर बोट ठेवून देते. बाईंच्या टेबलावर एक कॅलेंडर आहे. झटका दिसला की त्या तारखेवर ठिपका. औषधाची मात्रा ठरवायला डॉक्टरांना ते ठिपके ईईजीइतकेच उपयोगी पडले. पहिल्या आठवड्यात चौकोन ठिपक्यांनी भरले होते. सहाव्या आठवड्यात पाच दिवसांत तीन. मार्चमध्ये कॅलेंडर कोरं.

फाइलवरची माझी नोंद मी खोडली नाही. त्याखाली तारीख घालून लिहिलं, ‘वरील निष्कर्ष चुकीचा’, आणि सही केली.

वाचन मात्र लगेच भरून आलं नाही. वर्षभरात तिच्या कानांवरून रोज कितीतरी वाक्यं अर्धी गेली होती. वजाबाकीत हातचा कसा घ्यायचा हे ज्या दिवशी शिकवलं त्या दिवशीचा बराच भाग तिच्याकडे नव्हताच. ती भोकं एकेक शोधून बुजवायचं काम चौथीतही चालू आहे, आजोबा संध्याकाळी आणि मी गुरुवारी.

परवा, जुलैच्या दुसऱ्या गुरुवारी, मी पुन्हा शेवटच्या बाकावर घड्याळ घेऊन बसले. वीस मिनिटं काही नाही. मग छकुलीची मान खिडकीकडे वळली आणि तिथेच राहिली. दहा सेकंद, पंधरा, वीस. माझ्या पोटात गोळा आला. मी उठून गेले, खांद्याला हात लावला.

ती दचकून वळली आणि कुजबुजली, “बेन, त्या फांदीवर पोपट आहे. तीन आहेत.”

बाईंनी फळ्याकडूनच आवाज दिला, “छकुली, ध्यान क्यां छे?”

मी वहीत काडी मारली नाही.